जँगोतल्या मायग्रेशन फाइलींचा ढीग कसा आवरायचा

जँगो या पायथनच्या वेब-फ्रेमवर्कवर चार-पाच वर्षं चाललेला प्रकल्प हातात आला की मायग्रेशन्सच्या, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइलींच्या, फोल्डरमध्ये शंभरेक फाइली सापडतात. निम्म्यांची नावं '0037_ऑटो' आणि पुढे तारीख-वेळ, एवढीच. त्या कुणी केल्या, कशासाठी केल्या, एखादी काढली तर काय बिघडेल, हे सांगणारं माणूस बहुतेक वेळा टीम सोडून गेलेलं असतं. नव्या माणसाला मग सगळ्या फाइली पुसून एकच ताजी फाइल करावीशी वाटते. तसं लगेच करू नका. ढीग आवरता येतो, पण त्याआधी ढीग कशाचा आहे ते कळायला हवं. तो पुन्हा इतका वाढू नये याची सोय रोजच्या कामात करावी लागते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पुढचं सगळं जँगो 4.2 किंवा त्यानंतरची आवृत्ती आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस धरून आहे. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या अर्थात रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. उदाहरणाला एका सार्वजनिक वाचनालयाचं ॲप घेऊ. त्याचं नाव 'ग्रंथालय' आणि त्यात तीन मॉडेल्स: पुस्तक, सभासद आणि देवघेव.

आधी तीन जागा ओळखा

डेटाबेसच्या रचनेची माहिती जँगोत तीन ठिकाणी असते. मॉडेल्सच्या फाइलीत आजची स्थिती असते. मायग्रेशन्सच्या फोल्डरमध्ये त्या स्थितीपर्यंत आपण कसे आलो त्याचा क्रम असतो. तिसरी जागा प्रत्येक डेटाबेसच्या आत असते: 'जँगो_मायग्रेशन्स' नावाचं छोटं टेबल. त्यात ॲपचं नाव, मायग्रेशनचं नाव आणि ते कधी लागू झालं त्याची वेळ, एवढंच लिहिलेलं असतं. सातबारा आणि फेरफार ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लगेच कळेल. मॉडेल म्हणजे सातबारा, मायग्रेशन म्हणजे फेरफार. फरक एवढाच की इथे जमिनी अनेक आहेत: प्रोडक्शनचा (लोक प्रत्यक्ष वापरतात तो) डेटाबेस, स्टेजिंगचा (त्याआधीच्या चाचणीचा), तुमच्या आणि शेजारच्या लॅपटॉपवरचा. कोणत्या जमिनीवर कोणता फेरफार चढला, याची नोंद ज्याची त्याच्याकडेच असते.

नवीन लोक चुकतात ते बहुधा या तिसऱ्या जागेमुळे. फाइली गिटमध्ये असतात, त्यामुळे त्या सगळ्यांकडे सारख्या दिसतात. टेबल मात्र गिटमध्ये नसतं. तुम्ही फाइल पुसली तरी प्रोडक्शनच्या त्या टेबलातली ओळ तशीच राहते. फाइलीचं नाव बदललं तर जँगोच्या लेखी ते नवंच मायग्रेशन होतं आणि ते पुन्हा चालवायला निघतं.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. नवं मायग्रेशन बनवताना जँगो डेटाबेसकडे बघून फरक काढत नाही. जुन्या फाइली एकापुढे एक मनातल्या मनात चालवून तो मॉडेल्सचं एक चित्र तयार करतो, त्याला 'स्टेट' म्हणतात, आणि आजच्या मॉडेल्सशी ते ताडून पाहतो. त्यामुळे कुणी डेटाबेसमध्ये हाताने कॉलम वाढवला तर जँगोला त्याचा पत्ताही लागत नाही.

ही यंत्रणा जँगोत 2014 च्या सप्टेंबरमध्ये, 1.7 आवृत्तीबरोबर आली. त्याआधी हे काम 'साउथ' नावाचं वेगळं पॅकेज करायचं. ते लिहिणाऱ्या अँड्र्यू गॉडविन यांनीच पुढे लोकवर्गणीतून पैसा उभा करून ही सोय जँगोच्या गाभ्यात आणली. जुन्या प्रकल्पात 'साउथ_मायग्रेशन्स' नावाचं फोल्डर दिसलं तर ते त्या काळातलं आहे. आज त्याचा उपयोग नाही.

रोजचा क्रम

मॉडेल बदललं की पहिली आज्ञा:

पायथन मॅनेज.पीवाय मेकमायग्रेशन्स ग्रंथालय --नेम सभासद_वर्गणी_प्रकार

'--नेम' द्यायचा कंटाळा करू नका. अलीकडच्या आवृत्त्या आपणहून जरा बरं नाव सुचवतात, पण काय बदललं एवढंच त्यातून कळतं. का बदललं ते तुम्हालाच लिहावं लागतं. नावासोबत ॲपचंही नाव द्या, नाहीतर दुसऱ्याच ॲपमधला कुणाचा तरी अर्धवट बदल तुमच्या कमिटमध्ये शिरतो.

मग तयार झालेली फाइल उघडून वाचा. ती पायथनचीच फाइल असते. वर 'डिपेन्डन्सीज', म्हणजे याआधी काय चाललेलं असायला हवं, आणि खाली 'ऑपरेशन्स', म्हणजे काय करायचं. फील्डचं नाव बदललेलं असेल तर इथे विशेष लक्ष द्या. आज्ञा चालवताना 'हे फील्ड तुम्ही रिनेम केलंय का' असा प्रश्न येतो आणि घाईत त्याला नकार दिला जातो. मग फाइलीत 'रिनेमफील्ड'ऐवजी एक 'रिमूव्हफील्ड' आणि एक 'ॲडफील्ड' दिसतं. असं मायग्रेशन चाललं की जुन्या कॉलममधला सगळा डेटा गेला. चूक पकडायची शेवटची जागा ही फाइलच असते.

त्यानंतर एसक्यूएल बघा:

पायथन मॅनेज.पीवाय एसक्यूएलमायग्रेट ग्रंथालय 0038

या आज्ञेने डेटाबेसला काही होत नाही, डेटाबेसला काय सांगितलं जाणार आहे ते फक्त दिसतं. पुष्कळदा उत्तर येतं 'नो-ऑप', म्हणजे काहीच करायचं नाही. फील्डचं लेबल, मदतीचा मजकूर किंवा पर्यायांची यादी बदलली तरी जँगो नवं मायग्रेशन मागतो, आणि डेटाबेसला त्याचं काही सोयरसुतक नसतं. मराठी प्रकल्पांत फाइली फुगायचं हे एक मोठं कारण आहे. ॲडमिन पॅनलमधली लेबलं थेट मराठीत लिहिलेली असतात आणि कुणी 'वर्गणीदार'चं 'सभासद' केलं, कुणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, की आणखी एक फाइल तयार. लेबलं भाषांतराच्या यंत्रणेतून घ्या. मूळ मजकूर स्थिर राहतो, मराठी मजकूर भाषांतराच्या फाइलीत राहतो आणि तिथे कितीही सुधारणा केल्या तरी मायग्रेशन लागत नाही. एकट्या या सवयीने पुष्कळ फाइली वाचतात.

एसक्यूएल पटलं की 'मायग्रेट' चालवा आणि मॉडेल व मायग्रेशन एकाच कमिटमध्ये टाका. तुमच्या मशीनबाहेर न गेलेल्या आणि तुमच्या डेटाबेसवरही लागू नसलेल्या (झालं असेल तर आधी मागे घ्या) मायग्रेशनमध्ये भर घालायची असेल तर 'मेकमायग्रेशन्स --अपडेट' वापरा, नवा बदल शेवटच्याच फाइलीत मिसळतो. पण फाइल एकदा पुश झाली की ती गोठली असं समजा. दुसऱ्या कुणी ती चालवली असेल तर तिच्यात नंतर केलेला बदल त्यांच्या डेटाबेसपर्यंत कधीच पोचणार नाही.

तपासणीच्या सर्व्हरवर, म्हणजे सीआयवर, एक ओळ कायमची लावून ठेवा: 'मेकमायग्रेशन्स --चेक'. मॉडेल बदललं आणि मायग्रेशन विसरलं असेल तर बिल्ड तिथेच पडतं. 4.2 पासून ही आज्ञा फाइल बनवत नाही, फक्त तपासते.

भरलेल्या टेबलात नवा कॉलम

रिकाम्या डेटाबेसवर सगळंच चालतं. खरी परीक्षा भरलेल्या टेबलावर होते. समजा प्रत्येक सभासदाला कार्ड क्रमांक द्यायचा आहे, तो रिकामा चालणार नाही आणि दोघांना एकच चालणार नाही. मॉडेलमध्ये 'युनिक' लिहून मेकमायग्रेशन्स चालवलं की जँगो विचारतो: जुन्या ओळींत काय भरू? तिथे काहीतरी मूल्य देऊन पुढे गेलात तर तेच मूल्य सगळ्या जुन्या सभासदांना लागतं आणि दुसऱ्याच ओळीवर 'युनिक'ची अट मोडते. डिफॉल्ट म्हणून दर वेळी वेगळं मूल्य देणारं फंक्शन दिलं तरी हेच होतं, कारण जुन्या ओळींसाठी ते एकदाच बोलावलं जातं.

म्हणून हे काम तीन फाइलींत करायचं. पहिलीत कॉलम वाढवा, पण रिकामा चालेल असा आणि 'युनिक'शिवाय. दुसरी फाइल 'मेकमायग्रेशन्स ग्रंथालय --एम्प्टी' देऊन कोरी बनवा आणि तिच्यात 'रनपायथन' (आपलं पायथन फंक्शन चालवणारं ऑपरेशन) वापरून क्रमांक भरा. तिसरीत 'युनिक' आणि 'रिकामं चालणार नाही' या अटी लावा. तिन्ही एकाच फाइलीत कोंबल्या तर पोस्टग्रेसवर 'पेंडिंग ट्रिगर इव्हेंट्स'ची तक्रार येऊ शकते, कारण एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी डेटा बदलला आणि मग त्याच टेबलाची रचना बदलायला घेतली.

'रनपायथन'च्या फंक्शनमध्ये मॉडेल थेट इम्पोर्ट करू नका. हाती मिळालेल्या 'ॲप्स'वर 'गेट_मॉडेल' म्हणून मॉडेल मागा. थेट इम्पोर्ट केलं तर आजचं मॉडेल येतं. वर्षभराने त्यात आणखी कॉलम आले की हेच जुनं मायग्रेशन नव्या लॅपटॉपवर अजून अस्तित्वात नसलेला कॉलम शोधत बसेल. 'गेट_मॉडेल'ने त्या वेळचं मॉडेल मिळतं, पण त्यावर तुम्ही लिहिलेल्या मेथड्स किंवा बदललेलं 'सेव्ह' नसतं. कार्ड क्रमांक बनवायचं तर्कशास्त्र 'सेव्ह'मध्ये असेल तर ते मायग्रेशनमध्ये पुन्हा लिहावं लागेल. लिहा, संकोच करू नका. कोड दोनदा लिहू नये हा नियम मायग्रेशनला लागू नाही.

उलट दिशेचं फंक्शनही द्या. उलट करण्यासारखं काही नसेल तर 'रनपायथन.नूप' द्या. ते नसलं तर मागे जाताना जँगो मध्येच अडतो. आणि हे फक्त जुना डेटा भरण्यापुरतं असेल, नव्या रिकाम्या डेटाबेसवर त्याचं काही काम नसेल, तर आत्ताच 'इलायडेबल=ट्रू' (म्हणजे हे गाळलं तरी चालेल) लिहून ठेवा. याचा उपयोग फाइली एकत्र करताना होतो, पुढे येईलच.

दोघांनी एकाच वेळी 0039 बनवलं तर

दोन ब्रँच मर्ज झाल्या आणि दोन्हींत 0039 आहे, दोन्ही 0038 वर उभे. गिटला हे दिसत नाही, कारण फाइलींची नावं वेगळी आहेत. जँगोला दिसतं, आणि 'कॉन्फ्लिक्टिंग मायग्रेशन्स' म्हणून तो थांबतो. 'मेकमायग्रेशन्स --मर्ज' दिलं की दोन्ही टोकं जोडणारी एक कोरी फाइल मिळते. दोन्ही बदल वेगवेगळ्या टेबलांवरचे असतील तर हे ठीक आहे. तरी मला हा उपाय फारसा आवडत नाही, कारण अशा रिकाम्या जोडफाइली साचतात आणि पुढे इतिहास वाचणं अवघड होतं. तुमचा 0039 अजून मुख्य ब्रँचमध्ये गेला नसेल तर लॅपटॉपवर 0038 पर्यंत मागे या, तुमची फाइल काढा, मुख्य ब्रँच ओढून घ्या आणि मेकमायग्रेशन्स पुन्हा चालवा. तुमचा 0040 सरळ रांगेत येतो. अर्थात फाइल हाताने लिहिलेली असेल तर काढू नका, फक्त नाव आणि डिपेन्डन्सी बदला. हे गिटनेच पकडावं असं वाटत असेल तर 'जँगो-लिनिअर-मायग्रेशन्स' हे पॅकेज बघा. ते प्रत्येक ॲपमध्ये शेवटच्या मायग्रेशनचं नाव एका मजकूर फाइलीत ठेवतं, त्यामुळे दोन ब्रँच भिडल्या की गिटमध्येच कॉन्फ्लिक्ट दिसतो.

प्रोडक्शनवर

या विषयावर स्वतंत्र लेख होईल, इथे दोनच गोष्टी. पोस्टग्रेसवर 'ऑल्टर टेबल' बहुतेक वेळा टेबलाचं सगळ्यांत कडक लॉक मागतं. काम क्षणभराचं असलं तरी आधीची एखादी लांबलेली क्वेरी संपेपर्यंत ते रांगेत उभं राहतं, आणि त्याच्या मागे साध्या वाचायच्या क्वेरीही अडकतात. साइट बंद पडल्यासारखी वाटते ती यामुळे. डेटाबेसच्या सेटिंगमध्ये मायग्रेशनपुरता 'लॉक_टाइमआउट' काही सेकंदांचा ठेवला तर वेळेत लॉक मिळालं नाही की मायग्रेशन हार मानतं, लोक अडकत नाहीत, आणि तुम्ही थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करू शकता. मोठ्या टेबलावर इंडेक्स लावायचा तर 'ॲडइंडेक्सकन्करंटली' वापरा आणि त्या मायग्रेशनमध्ये 'ॲटॉमिक=फॉल्स' लिहा.

दुसरी गोष्ट कॉलम काढण्याची. मायग्रेशन आधी चालतं आणि जुना कोड काही मिनिटं तसाच चालू असतो. तो काढलेला कॉलम मागत राहतो आणि एरर येत राहतात. म्हणून आधीच्या रिलीजमध्ये कॉलम रिकामा चालेल असा करा. मग मॉडेलमधून फील्ड काढा, पण 'सेपरेटडेटाबेसअँडस्टेट' वापरून ते फक्त स्टेटमधून जाऊ द्या. प्रत्यक्ष कॉलम त्यापुढच्या रिलीजमध्ये काढा. पहिली पायरी गाळली तर नवा कोड त्या कॉलममध्ये काही लिहिणार नाही आणि डेटाबेस रिकामी जागा स्वीकारणार नाही. नवा सभासद नोंदवता येणं तिथेच बंद होईल.

मायएसक्यूएलवर असाल तर आणखी एक काळजी घ्या. रचना बदलणारी विधानं तिथे ट्रान्झॅक्शनमध्ये मागे घेता येत नाहीत. पाच ऑपरेशन्सचं मायग्रेशन तिसऱ्यावर पडलं तर पहिली दोन झालेली राहतात आणि नोंद मात्र होत नाही. तिथे एका फाइलीत एकच ऑपरेशन ठेवणं शहाणपणाचं.

आता ढीग: स्क्वॉश

फाइली जास्त दिसतात, एवढं कारण एकत्र करायला पुरेसं नाही. जुन्या फाइली स्वस्थ पडून असतात, त्यांचा त्रास होत नाही. त्रास जाणवतो तो टेस्ट चालवताना, कारण टेस्टचा डेटाबेस दर वेळी सगळी मायग्रेशन्स पहिल्यापासून चालवून उभा राहतो. त्यावर तात्पुरता उतारा '--कीपडीबी' आहे, त्याने टेस्टचा आधीचाच डेटाबेस पुन्हा वापरला जातो. तो पुरत असेल तर तेवढ्यावर भागवा. पुरत नसेल, किंवा नव्या माणसाचा लॅपटॉप उभा करायला रोज रडारड होत असेल, तर स्क्वॉश करा, म्हणजे जुन्या अनेक फाइलींची एकच फाइल करा.

त्याआधी एक यादी लिहून काढा: हा कोड चालतो असे डेटाबेस किती आणि कोणते? प्रोडक्शन आणि स्टेजिंग सगळ्यांना आठवतात. सहा महिन्यांपूर्वी एका ग्राहकासाठी वेगळं उभं केलेलं इन्स्टॉलेशन, डेमोचा सर्व्हर, रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचा लॅपटॉप हे आठवत नाहीत. प्रत्येक ठिकाणी 'शोमायग्रेशन्स ग्रंथालय' चालवा आणि कुठवर फुल्या आहेत ते लिहा (फुली म्हणजे ते मायग्रेशन लागू झालंय). जिथपर्यंत सगळीकडे फुल्या आहेत तिथपर्यंतच स्क्वॉश करायचं. शेवटच्या चार-पाच फाइली बाहेरच ठेवा.

मग जुन्या फाइलींतली 'रनपायथन' आणि 'रनएसक्यूएल' शोधा. एकदाच लागणारी जी आहेत त्यांना 'इलायडेबल=ट्रू' जोडा. जुनी फाइल बदलू नये हे वर सांगितलं, पण या खुणेने डेटाबेसच्या रचनेत काही फरक पडत नाही, म्हणून हा अपवाद चालतो. खूण नसेल तर ते ऑपरेशन मध्ये भिंतीसारखं उभं राहतं. त्याच्या अलीकडचं 'क्रिएटमॉडेल' आणि पलीकडचं 'ॲडफील्ड' जँगो एकत्र करू शकत नाही.

आता आज्ञा:

पायथन मॅनेज.पीवाय स्क्वॉशमायग्रेशन्स ग्रंथालय 0052

पहिल्यापासून 0052 पर्यंतच्या फाइलींची यादी दाखवून तो संमती विचारतो, मग किती ऑपरेशन्सची किती झाली ते सांगतो. आकडा फारसा उतरला नाही तर मध्ये कुठली भिंत राहिली ते शोधा. नवी फाइल '0001_स्क्वॉश्ड_0052' अशा नावाने येते. '--स्क्वॉश्ड-नेम' देऊन तुम्ही वेगळं नाव ठेवू शकता.

ही फाइल उघडा. वर 'रिप्लेसेस' नावाची यादी दिसेल, तिच्यात जुन्या सगळ्या मायग्रेशन्सची नावं आहेत. पुढचा सगळा व्यवहार या यादीवर चालतो. खुणेविना राहिलेली 'रनपायथन' असतील तर फाइलीच्या डोक्यावर सूचना असते की अमुक फंक्शन्स हाताने इथे आणा. ती जुन्या फाइलींतून उचलून इथे चिकटवा आणि संदर्भ दुरुस्त करा. जुन्या फाइलींचं नाव आकड्याने सुरू होतं, त्यामुळे जँगोने लिहिलेला संदर्भ पायथनला वाचताच येत नाही. आणि त्या फाइली पुढे जाणारच आहेत.

कधी कधी नव्या डेटाबेसवर 'सर्क्युलर डिपेन्डन्सी'ची एरर येते. देवघेवचं मॉडेल दुसऱ्या ॲपमधल्या शाखेकडे बोट दाखवतं आणि शाखेचं मॉडेल इकडच्या सभासदाकडे. जुन्या इतिहासात ही दोन बोटं वेगवेगळ्या वेळी आली होती म्हणून निभावलं. उपाय म्हणजे त्यातली एक 'फॉरेन की' 'क्रिएटमॉडेल'मधून काढून वेगळ्या मायग्रेशनमध्ये 'ॲडफील्ड' म्हणून ठेवायची, आणि ते मायग्रेशन त्या दुसऱ्या ॲपवर अवलंबून ठेवायचं. हे फारच गुंतागुंतीचं झालं तर '--नो-ऑप्टिमाइज' देऊन पुन्हा स्क्वॉश करा. ऑपरेशन्स कमी होत नाहीत, पण फाइल एक होते. नंतर '4.1'पासून मिळणारी 'ऑप्टिमाइझमायग्रेशन' ही आज्ञा त्या फाइलीवर चालवून बघता येते.

खात्री कशी करायची

दोन रिकामे डेटाबेस घ्या. एकावर स्क्वॉशच्या आधीचा कमिट ठेवून 'मायग्रेट' चालवा, दुसऱ्यावर नंतरचा. मग दोन्हींचा 'पीजी_डंप --स्कीमा-ओन्ली' काढून डिफ बघा. कॉलमचा क्रम थोडा वेगळा दिसला तर घाबरू नका. पूर्वी नाव बदललेल्या कॉलमवरच्या इंडेक्सचं नावही वेगळं असू शकतं, कारण जुन्या रस्त्याने आलेल्या डेटाबेसमध्ये इंडेक्सला आधीचंच नाव राहतं. कॉलम, प्रकार, अटी यांत फरक दिसला तर मात्र थांबा.

दुसरी तपासणी प्रोडक्शनच्या प्रतीवर करा. तिथे 'मायग्रेट' चालवल्यावर 'लागू करायला काही नाही' असंच उत्तर यायला हवं. पण त्या शांत उत्तरामागे एक गोष्ट घडलेली असते: 'रिप्लेसेस'मधली सगळी नावं टेबलात सापडली म्हणून जँगोने स्क्वॉश्ड मायग्रेशनचीही एक ओळ तिथे लिहिलेली असते. टेबल उघडून ती ओळ डोळ्यांनी बघा. डेटाबेस अगदी नवा असेल तर तो थेट स्क्वॉश्ड फाइल चालवतो. आणि काही जुनी मायग्रेशन्स झालीत, काही राहिलीत असा अर्धवट असेल तर स्क्वॉश्ड बाजूला ठेवून आधी जुनी साखळी पुरी करतो. या तिन्ही वाटा चालाव्यात म्हणूनच जुन्या फाइली अजून फोल्डरमध्ये राहू द्यायच्या असतात.

पहिला रिलीज, थांबणं, दुसरा रिलीज

पहिल्या रिलीजमध्ये स्क्वॉश्ड फाइल आणि सगळ्या जुन्या फाइली एकत्र जातात. फोल्डरमध्ये एक फाइल वाढलेलीच दिसते, आणि कोड रिव्ह्यूमध्ये कुणीतरी 'मग फायदा काय झाला' असं विचारतंच. नवे डेटाबेस आणि टेस्ट आजपासून वेगाने उभे राहतात, हा फायदा झाला. बाकीची आवराआवर पुढच्या रिलीजवर ठेवायची.

मधल्या काळात यादीतल्या प्रत्येक डेटाबेसवर 'मायग्रेट' चालायला हवं. 'शोमायग्रेशन्स'मध्ये स्क्वॉश्ड नावापुढे फुलीऐवजी आडवी रेघ दिसली तर अर्थ असा की जुनं सगळं झालंय पण स्क्वॉश्डची ओळ लिहायची राहिलीय. तिथे 'मायग्रेट' चालवा. एक-एक ठिकाणी टिक करा. घाई केली तर हा टप्पा महागात पडतो: जो डेटाबेस हा रिलीज चुकवतो आणि थेट पुढच्यावर उडी मारतो, त्याच्याकडे स्क्वॉश्डची नोंद नसते, 'रिप्लेसेस'ही गेलेलं असतं. 0052 नंतरचं काही तिथे लागू झालेलं नसेल तर जँगोला वाटतं सगळं नवं आहे, तो सभासदांचं टेबल पुन्हा बनवायला जातो आणि 'टेबल आधीच आहे' म्हणून पडतो. डेटा जात नाही, पण रात्री अकराला डिप्लॉय करणाऱ्याला ते सांगून धीर येत नाही. तिथे स्क्वॉश्ड नावावर 'मायग्रेट --फेक' द्यावं लागतं, आणि तेही तो डेटाबेस खरंच 0052 पर्यंत आलेला होता याची खात्री करूनच. '--फेक' काहीही तपासत नाही, फक्त नोंद करतो.

यादी पूर्ण टिक झाली की दुसरा रिलीज. यात तीन कामं आहेत. जुन्या फाइली काढा. इतर ॲप्समध्ये 'ग्रंथालय 0017' वगैरे वर अवलंबून असलेली मायग्रेशन्स शोधून त्यांचा संदर्भ स्क्वॉश्डच्या नावाकडे वळवा. पूर्ण प्रकल्पात जुन्या प्रत्येक फाइलीचं नाव शोधणं हाच इथे भरवशाचा मार्ग. आणि स्क्वॉश्ड फाइलीतून 'रिप्लेसेस' काढा. त्यानंतर ते साधं, नेहमीचं मायग्रेशन होतं.

सगळं पुसून नव्याने

स्क्वॉश जमतच नाही असेही प्रकल्प असतात. ॲप्सच्या साखळ्या एकमेकींत इतक्या अडकलेल्या असतात की ऑप्टिमायझर हात टेकतो. मग लोक फाइली पुसतात, 'मेकमायग्रेशन्स' चालवतात आणि सगळीकडे '--फेक' मारत सुटतात. यात दोन खड्डे आहेत. एक, '--फेक' प्रत्येक डेटाबेसवर माणसाला लक्षात ठेवून द्यावा लागतो. दोन, मॉडेल्समधून फाइल बनवताना मॉडेल्सबाहेरचं सगळं हरवतं: हाताने लिहिलेले ट्रिगर, पोस्टग्रेसची एक्स्टेन्शन्स, 'रनएसक्यूएल'मधले व्ह्यू. वाचनालयाच्या ॲपमध्ये मराठी नावं वर्णमालेच्या क्रमाने लागावीत म्हणून जुन्या एखाद्या फाइलीत 'क्रिएटकोलेशन' असेल. फील्डवर त्या कोलेशनचं नाव आहे, म्हणून ते नव्या फाइलीत येतं. कोलेशन बनवणारं ऑपरेशन मात्र येत नाही. प्रोडक्शनवर सगळं सुरळीत, कारण कोलेशन तिथे आधीपासून आहे. नव्या लॅपटॉपवर मात्र पहिलंच टेबल बनत नाही.

तरीही याच वाटेने जायचं ठरवलंत तर एक मधला मार्ग आहे आणि मी तोच सुचवेन. जुन्या फाइली क्षणभर बाजूला ठेवून ताजी फाइल बनवून घ्या, तिला जुन्यांशी भिडणार नाही असं नाव द्या, मॉडेल्सबाहेरची ऑपरेशन्स हाताने तिच्यात आणा आणि 'रिप्लेसेस'ची यादी स्वतः लिहा. मग जुन्या फाइली परत जागेवर ठेवा. आता ही फाइल स्क्वॉश्डसारखीच वागते, वरचे दोन्ही रिलीज जसेच्या तसे लागू होतात आणि कुठेही '--फेक' लागत नाही.

एक राहिलं. जुन्या फाइली गेल्या तरी प्रत्येक डेटाबेसच्या 'जँगो_मायग्रेशन्स' टेबलात त्यांच्या ओळी उरतातच. त्या काही बिघडवत नाहीत. पण पुढे कधी त्याच नावाची फाइल बनली तर जँगो ती आधीच झाली असं समजेल. म्हणून 4.1 पासून मिळणारं 'मायग्रेट ग्रंथालय --प्रून' दुसऱ्या रिलीजनंतर सगळीकडे चालवा. स्क्वॉश्ड फाइलीत 'रिप्लेसेस' अजून शिल्लक असेल तर ही आज्ञा काम करायला नकार देते. तसं झालं तर आधी ते काढा, मग प्रून करा. पुढचा स्क्वॉशही या सगळ्यानंतरच घ्या. सहाव्या आवृत्तीच्या आधीचा जँगो 'रिप्लेसेस' असलेली फाइल पुन्हा स्क्वॉश करूच देत नाही. 6.0 मध्ये ते चालतं, पण तिथेही आधीचं काम मिटवूनच नवं हाती घेतलं तर कोणता डेटाबेस कुठवर आलाय ते शोधत बसावं लागत नाही.